विद्यार्थ्यांची माहिती सांभाळायची असेल तर आधी शिक्षकाच्या हाताशी माणूस द्या

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय का ते कळेल. तुमच्याकडे ऑनलाइन बीए आणि एमकॉम सुरू झालंय, तुम्हाला कोऑर्डिनेटर केलंय, एकवीस शिक्षक आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर. वरून आदेश आलाय की विद्यार्थ्यांच्या प्रायव्हसीची पॉलिसी बनवा आणि सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेऊन फाइलला लावा. शिक्षक म्हणतायत की लेक्चर रेकॉर्ड करा, ई-कंटेंट लिहा, डिस्कशनला उत्तरं द्या, असाइनमेंट तपासा, एवढं करून नाकी नऊ आलेत आणि त्यात हे अजून एक कुठून आणलं. आता शिक्षकांना न दुखावता विद्यार्थ्यांची माहिती कशी सांभाळायची, असं तुम्ही विचारताय.

मी नाशिकमध्ये सोळा वर्षं हेच करतेय, आधी दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणारी मार्गदर्शक होते, मग शिक्षकांना ऑनलाइन शिकवायला मदत करणाऱ्या सेलमध्ये आले. शिक्षक बेफिकीर होता म्हणून माहिती फुटली असं मी या सगळ्या वर्षांत फार कमी वेळा बघितलं. बहुतेक वेळा काय असतं, की रात्री उशिरा एकट्या पडलेल्या शिक्षकाकडे दुसरा रस्ताच नसतो. त्यामुळे तुम्ही ज्याला दोन बाजू म्हणताय ते माझ्या मते एकच काम आहे, आणि त्याची सुरुवात सह्या घेण्यापासून होत नाही.

एक प्रसंग सांगते, कुठल्या संस्थेतला ते राहू द्या. नाशिकरोडला राहणारे एक सर, सीएचबीवर, दिवसा दोन ठिकाणी तास आणि संध्याकाळी आमचे ऑनलाइन वर्ग. इंटर्नलचे मार्क भरायची शेवटची तारीख होती, रात्री बारापर्यंत. पोर्टल साडेनऊपासून गोल गोल फिरत होतं. विद्यार्थी ग्रुपवर मेसेजवर मेसेज टाकत होते, सर आमचे मार्क गेले का, सर मी अॅबसेंट लागलो का. सरांकडे ऑफिसने दिलेली एक्सेल शीट होती, तीत पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक), नाव, मोबाइल, जातीचा प्रवर्ग, आधार नंबर, अपंगत्वाची नोंद, फी बाकी आणि शेवटी मार्क, सगळं एकाच शीटमध्ये, कारण ऑफिसने अॅडमिशनची मास्टर फाइलच उचलून पाठवली होती. सरांनी काळजी घेतली हो, त्यांनी मधले सगळे कॉलम हाइड केले, फक्त पीआरएन आणि मार्क दिसतील असं केलं आणि फाइल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. कॉलम हाइड केला म्हणजे तो पुसला जात नाही, नुसता झाकला जातो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दहा मिनिटांत एका मुलाने मोबाइलवर कॉलम उघडले आणि कुणाची फी बाकी, कुणाचा प्रवर्ग काय, याचे स्क्रीनशॉट फिरायला लागले. त्यातल्या एका मुलीला, ती एका दवाखान्यात रात्रपाळी करायची, त्यानंतर महिनाभर अनोळखी नंबरवरून फोन येत राहिले. शेवटी तिने सिम बदललं आणि त्या गडबडीत तिचा ओटीपी जुन्या नंबरवर जायला लागला, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहणारच होता, थोडक्यात भरला गेला.

सरांना कारणे दाखवा नोटीस निघाली. त्यांना कधी ऑफिशियल मेल आयडी दिला गेला नव्हता, कधी ट्रेनिंग झालं नव्हतं, रात्री पोर्टल बंद पडलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर नव्हता, आणि आधार नंबर असलेली फाइल त्यांच्या हातात द्यायचं काही कारणच नव्हतं. मी त्या चौकशीत बसले होते. सरांच्या हातात ती नोटीस होती आणि ते एकच विचारत होते, मॅडम मग मी काय करायला पाहिजे होतं ते तरी सांगा. तिथे टेबलाभोवती बसलेल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली.

तर पहिली गोष्ट, मास्टर फाइल शिक्षकाकडे जाताच कामा नये. शिक्षकाला लागतं काय? नाव, पीआरएन आणि वर्गाचं नाव. प्रवर्ग स्कॉलरशिपच्या टेबलवर लागतो, फी अकाउंटला लागते, आधार तर अॅडमिशन झाल्यावर रोजच्या कामात कुणालाच लागत नाही. ज्याच्याकडे जे नाही ते त्याच्याकडून फुटत नाही, इतकं ते सरळ आहे. ऑफिसच्या क्लार्कला सांगून एक वेगळी वर्गयादी काढायला लावा, तीन कॉलमची, आणि तीच बाहेर जाईल असं ठरवा. याला पैसा लागत नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात निम्मा धोका इथेच संपतो. आधारबद्दल अजून एक, डिग्री आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर आधार नंबर छापू नका असं यूजीसीने सप्टेंबर २०२३ मध्ये युनिव्हर्सिटींना कळवलेलं आहे, तरी आपल्याकडे साध्या हजेरीच्या गुगल फॉर्ममध्ये आधारचा रकाना असतो, कारण मागच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये होता. ओळख पटवायला प्रत लागतच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आयडी. सीएचबीच्या शिक्षकाची नेमणुकीची ऑर्डर निघायला महिना दोन महिने जातात आणि तास मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू होतात. तोपर्यंत तो स्वतःच्या जीमेलवर क्लासरूम बनवतो, स्वतःच्या ड्राइव्हमध्ये असाइनमेंट घेतो, स्वतःच्या नंबरवर ग्रुप काढतो. सत्र संपलं, ऑर्डर संपली, सर दुसऱ्या कॉलेजला गेले आणि दीडशे मुलांच्या उत्तरपत्रिका, मेडिकल सर्टिफिकेटचे फोटो, विनंतीअर्ज सगळं त्यांच्या खासगी ड्राइव्हमध्ये राहिलं, जिथे घरातली पोरंही त्याच लॅपटॉपवर गेम खेळतात. यात त्या शिक्षकाची चूक काय? त्याने स्वतःच्या खिशातून स्टोरेज विकत घेऊन तुमचं काम चालवलं. म्हणून माझा आग्रह असा की ऑर्डरची वाट न बघता तात्पुरता आयडी पहिल्या तासाच्या आधी द्यायचा, आणि सत्र संपल्यावर तो बंद करायच्या आधी त्या शिक्षकासोबत अर्धा तास बसून जे ठेवायचं ते विभागाच्या ड्राइव्हला हलवायचं, बाकीचं पुसायचं. अर्धा तास सोबत बसायचं म्हणतेय, मेल पाठवून मोकळं व्हायचं नाही.

मार्क दाखवायचा प्रश्न आयडी दिला की बराचसा सुटतो, कारण मूडल असो की गुगल क्लासरूम, दोन्हीत विद्यार्थ्याला फक्त स्वतःचे मार्क दिसतात. शिक्षकाला हे माहीत असतं, पण तिथे मार्क भरायला पंधरा क्लिक लागतात आणि व्हॉट्सअॅपला दोन. म्हणून आम्ही एक्सेलमधून मार्क थेट मूडलला कसे चढवायचे याचा चार मिनिटांचा मराठी व्हिडिओ केला, एका मॅडमनी स्वतःच्या स्क्रीनवर करून दाखवलेला, मध्ये त्यांचं एकदा चुकतं आणि त्या दुरुस्त करतात तेही तसंच ठेवलं. तो व्हिडिओ बाहेरच्या ट्रेनरच्या तीन तासांच्या सेशनपेक्षा कितीतरी जास्त बघितला गेला. आपल्यातलं कुणीतरी करतंय म्हटल्यावर माणूस बघतो.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त जोर देते ते. एक माणूस आणि एक नंबर. संध्याकाळी आठ ते अकरा. ऑनलाइन प्रोग्रॅमची सगळी अडचण याच वेळात येते कारण विद्यार्थी नोकरी करून येतात आणि शिक्षकही दिवसाचे तास संपवून बसतात, आणि आपला आयटी विभाग साडेपाचला घरी जातो. आमच्याकडे आता दोन मुलं आळीपाळीने असतात, दोघंही आमचेच जुने विद्यार्थी. शिक्षक फोन करतो, पोर्टल बंद आहे, डेडलाइन आज आहे, काय करू. त्या मुलाला अधिकार दिलाय की तो तिथल्या तिथे सांगू शकतो, सर शीट मला ऑफिशियल मेलवर पाठवा, मी नोंद घेतो, तुमची डेडलाइन पाळली गेली असं धरलं जाईल, ग्रुपवर काही टाकू नका, मी विद्यार्थ्यांना कळवतो. बस एवढंच. त्या नाशिकरोडच्या सरांना त्या रात्री हेच एक वाक्य पाहिजे होतं. मॅनेजमेंट म्हणेल दोन माणसांचा पगार कुठून काढायचा, तेव्हा त्यांना ती नोटीस, ती चौकशी, तीन मीटिंगा आणि त्या मुलीच्या वडिलांनी ऑफिसात येऊन विचारलेले प्रश्न यांचा हिशोब मांडून दाखवा.

व्हॉट्सअॅपबद्दल मी कडक भूमिका घेत नाही. बंद करा म्हटलं तर कुणी करत नाही, आणि सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या पोरांना एलएमएस, म्हणजे मूडलसारखं शिकवण्याचं पोर्टल, उघडायला जेवढी रेंज लागते त्यापेक्षा कमी रेंजमध्ये व्हॉट्सअॅपचा मेसेज पोचतो, हे खरंय. पण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि मुलींना त्रास होतो तो इथूनच सुरू होतो. सूचना द्यायला चॅनल वापरा, त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. शिक्षकाचा स्वतःचा नंबरही जाहीर करू नका, विभागाच्या नावाने एक सिम घ्या. रात्री एक वाजता सर जागे आहात का असे मेसेज येतात तेव्हा त्या शिक्षकाची प्रायव्हसी गेलेलीच असते, आणि ज्याची स्वतःची रात्र मोकळी नाही तो दुसऱ्याच्या माहितीची काळजी किती दिवस घेणार.

फोनवरून येणारी चौकशी हा एक वेगळाच विषय आहे आणि यावर पॉलिसीत कुणी दोन ओळी लिहीत नाही. ऑनलाइनला येणाऱ्या बायका बऱ्याच लग्न झालेल्या, कुणी सासरी न सांगता फॉर्म भरलेला असतो, कुणी सांगून भरलेला पण घरात कुरबुर चालू असते. मग फोन येतो. मी तिचा भाऊ बोलतोय, ती खरंच क्लासला बसते का, किती ते किती बसते, तिने कुठला पत्ता दिलाय. किंवा अंबडच्या एखाद्या कंपनीतून, तुमच्याकडचा अमुक विद्यार्थी आमच्याकडे कामाला आहे, तो ड्यूटीच्या वेळात लेक्चर करतो का. आपला शिक्षक भला माणूस असतो, पालकांशी बोलायची सवय शाळेपासूनची, तो सरळ सांगून टाकतो, हो हो येते ना, साडेसात ते नऊ. एका समंत्रक मॅडमनी असंच सांगितलं आणि नंतर त्या विद्यार्थिनीचं लॉगिन कायमचं थांबलं, आम्हाला पुढे काय झालं तेही कळलं नाही. मॅडम अजून तो फोन विसरलेल्या नाहीत.

अशा वेळी शिक्षकाला तत्त्व सांगून उपयोग नाही, त्याला तोंडात बसलेलं वाक्य द्यावं लागतं. आमचं वाक्य असं आहे: "दादा, कुठल्याच विद्यार्थ्याची माहिती फोनवर द्यायची मला परवानगी नाही, अगदी ते आमच्याकडे शिकतात की नाही हेसुद्धा. तुम्ही ऑफिसला लेखी अर्ज द्या, ऑफिस त्या विद्यार्थ्याला विचारून कळवेल." हे वाक्य आम्ही वर्गात बसून एकमेकांना फोन लावून अक्षरशः पाठ केलं, एकाने चिडलेला नवरा व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक. पहिल्या दोन वेळा सगळे अडखळतात. परवानगी नाही या शब्दांत शिक्षकाला आधार मिळतो, कारण नाही म्हणणारा तो स्वतः नसतो, नियम असतो. तुमचं ट्रेनिंग जर फक्त दोन तासांचं होणार असेल तर त्यातला एक तास यालाच द्या.

आता वर्ग आणि रेकॉर्डिंग. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. सातपूरच्या एका खोलीत राहणारी मुलगी, मागे आई भांडी घासतेय, बाजूला धाकटा भाऊ झोपलाय, तिला कॅमेरा चालू कर म्हणणं म्हणजे तिचं घर साठ जणांसमोर उघडणं आहे. हजेरीला छोटा पोल घ्या किंवा चॅटमध्ये एका ओळीत उत्तर मागा, ते जास्त खरं असतं. रेकॉर्डिंग मात्र लागतं, कारण द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी, निफाडकडची पोरं खुड्याला बागेत असतात आणि रात्रीच लेक्चर बघतात. मग आम्ही काय करतो, की शिकवण्याचा भाग रेकॉर्ड करायचा आणि प्रश्नोत्तराला लागायच्या आधी रेकॉर्डिंग बंद करायचं, आणि बंद केलं असं मोठ्याने सांगायचं. त्या वाक्यानंतर जे प्रश्न येतात ते आधी कधीच येत नव्हते. चॅटही रेकॉर्डिंगसोबत सेव्ह होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, लिंक शेअर करताना एकदा त्या फोल्डरमध्ये काय काय पडलंय ते बघत जा, आणि लिंक असलेल्या कुणालाही दिसेल हा पर्याय अॅडमिनकडूनच बंद करून घ्या म्हणजे शिक्षकाला दर वेळी लक्षात ठेवावं लागत नाही. जे अॅडमिनच्या एका सेटिंगने होतं त्याचं ओझं शिक्षकावर टाकू नये.

आणि रेकॉर्डिंगमध्ये शिक्षकही आहे, हे विसरलं जातं. सीएचबीच्या मॅडमचं लेक्चर त्या सोडून गेल्यावर चार वर्षं दाखवलं जातं, नाव त्यांचं, चेहरा त्यांचा, मानधन एकदाच. कुणी त्यातले दहा सेकंद कापून खाली काहीतरी लिहून फिरवतं. तुमच्या ऑर्डरमध्ये दोन ओळी टाका, रेकॉर्डिंग किती वर्षं वापरणार, नंतर विचारणार की नाही, आणि कुणी गैरवापर केला तर तक्रार संस्था करेल, शिक्षकाने एकट्याने पोलीस स्टेशनला जायचं नाही. ज्या वर्षी आम्ही हे लिहून दिलं त्या वर्षी बाकीच्या नियमांना होणारा विरोध जवळजवळ बंद झाला. आपली काळजी घेतली जातेय हे दिसलं की माणूस दुसऱ्याची घ्यायला तयार होतो.

परीक्षेचं प्रॉक्टरिंग, म्हणजे घरून परीक्षा देणाऱ्यावर कॅमेऱ्याने लक्ष ठेवणं. व्हेंडर येईल, डेमो दाखवेल, डोळे कुठे फिरतात, खोलीत आवाज झाला का, सगळं सॉफ्टवेअर सांगतं म्हणेल. परीक्षेआधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची ही जी पद्धत आहे, तिच्यावर अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की विद्यार्थ्याच्या घरातली अशी झडती त्यांच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत, जी अवाजवी झडतीपासून संरक्षण देते, बसत नाही. तो त्यांचा कायदा आहे, आपल्याला लागू नाही, पण आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क म्हटलेला आहे, तेव्हा व्हेंडरला विचारा की हा व्हिडिओ कुठे साठतो, किती दिवस राहतो, कोण बघतं, आणि करार संपल्यावर पुसल्याचं लेखी देणार का. उत्तर गोलगोल आलं तर सही करू नका. मला विचाराल तर छोट्या असाइनमेंट जास्त, एक पाच मिनिटांचा व्हायवा आणि शेवटची परीक्षा जमेल तिथे केंद्रावर, हेच बरं. सॉफ्टवेअरने संशयास्पद म्हणून लाल केलेली पन्नास रेकॉर्डिंग शेवटी शिक्षकालाच बघायला लागतात, आणि त्यातली बरीचशी रेंज गेली, लाइट गेली, मूल रडलं अशी निघतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण तुमची मॅनेजमेंट त्यानेच घाबरलीय. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. सुरक्षेची पुरेशी व्यवस्था न ठेवल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. आता यात तुमच्या कामाचं काय, तर कायद्याने जबाबदार धरलंय ते माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला, आणि बाहेरच्या व्हेंडरला काम दिलं, करारात काहीही लिहिलं, तरी ती जबाबदारी संस्थेचीच राहते. म्हणजे एकवीस जणांच्या सह्या फाइलला लावून युनिव्हर्सिटी हात झटकू शकत नाही. हे तुमच्या रजिस्ट्रारांना नीट समजावून सांगा, कारण हेच तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, ट्रेनिंगला आणि त्या दोन माणसांना पैसा यातूनच मिळेल. संमती घेताना जी सूचना द्यायची ती विद्यार्थ्याला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय पाहिजे, म्हणजे मराठीत पाहिजेच, आणि ती आईला वाचून दाखवता येईल अशी लिहा. बीएला बारावी करून आलेली काही मुलं सतराच वर्षांची असतात, कायद्यात अठरापर्यंत मूलच धरलंय आणि तिथे पालकांच्या संमतीचा नियम येतो, शिकवण्यापुरतं आणि सुरक्षिततेपुरतं लक्ष ठेवायला शिक्षणसंस्थांना नियमांत सूट आहे, त्यापलीकडे नाही, म्हणून त्यांची यादी अॅडमिशनलाच वेगळी काढा. आणि माहिती फुटलीच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, तिच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, सहा तासांत कळवायचं असतं, नवीन नियम लागू झाले की डेटा प्रोटेक्शन बोर्डाला बहात्तर तासांत सविस्तर आणि विद्यार्थ्याला विनाविलंब. सहा तास म्हणजे फार कमी वेळ. जो शिक्षक नोटिशीला घाबरतो तो सहा दिवस गप्प बसतो. म्हणून तुमच्याकडे पहिलं वाक्य असं पाहिजे की चूक झाली तर लगेच त्या नंबरला फोन करा, फोन केला म्हणून कारवाई होणार नाही, आणि ते वाक्य खरं ठेवा, एकदा जरी मोडलं तरी पुन्हा कुणी फोन करणार नाही.

एआयचं पण आलंय आता. शिक्षक उत्तरपत्रिका चॅटबॉटमध्ये टाकून फीडबॅक लिहून घेतायत, वेळ वाचतो, मी समजू शकते. पण नाव, पीआरएन, आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या घरचं काही लिहिलं असेल तर तो भाग काढून मगच, आणि शक्यतो संस्थेने घेतलेल्या खात्यातूनच. बंदी घातलीत तर चोरून होईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

लॉगिनच्या रिपोर्टवर मात्र जरा थांबून बोलते. एलएमएस तुम्हाला सांगतं की अमुक विद्यार्थी चौदा दिवस आला नाही. ही माहिती मेंटॉरकडे जावी, फोन करून ख्यालीखुशाली विचारायला. ती यादी सगळ्या विभागात फिरवून पिवळ्या रंगात रंगवायला नको. आमच्या यादीत एक मुलगा सारखा शून्य मिनिटं दाखवायचा, मेंटॉर सरांनी फोन केला तर कळलं की घरात एकच फोन, तो बहिणीच्या नावाने लॉगिन असतो, बहीण पण आपल्याकडेच शिकते, दोघं मिळून एकाच्या लॉगिनवर लेक्चर बघतात. कागदावर तो गैरहजर होता. आणि याच रिपोर्टमधून मॅनेजमेंट शिक्षक किती मिनिटं ऑनलाइन होते ते मोजायला लागली तर ते पहिल्याच महिन्यात थांबवा, नाहीतर लोक नुसतं लॉगिन करून ठेवतील आणि विद्यार्थ्याला फोन करायचा वेळ त्यातच जाईल.

अपंगत्व किंवा आजारपणामुळे कुणाला जादा वेळ द्यायचा असेल तर शिक्षकाला फक्त एवढंच कळवा की या पीआरएनला तासाला वीस मिनिटं जास्त. का, ते त्याला सांगायची गरज नाही आणि त्यालाही नको असतं.

आपल्या नाशिकला दूरशिक्षण नवीन नाही सर, मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला, ज्ञानगंगा घरोघरी म्हणत. घरोघरी जायचं म्हटलं की आपण लोकांच्या घरात शिरतोच, त्यांचा फोन, त्यांची खोली, त्यांची भांडणं सगळं आपल्याला दिसतं. आधी पोस्टाने पाकीट यायचं आणि केंद्रावरचं कपाट कुलपात असायचं, किल्ली एका माणसाकडे. त्या कपाटाचे काका मला आठवतात, एकाची फाइल दुसऱ्याला दाखवायचे नाहीत, प्राचार्यांनी मागितली तरी आधी काम विचारायचे. त्यांना कुठलं ट्रेनिंग नव्हतं, पण त्यांच्याकडे एक किल्ली होती, एक टेबल होतं आणि नाही म्हणायचा अधिकार होता.

तुमचं सत्र सुरू व्हायला पाच आठवडे आहेत म्हणालात. मी असते तर पहिल्या आठवड्यात ती तीन कॉलमची यादी आणि तात्पुरते आयडी, दुसऱ्यात तो संध्याकाळचा नंबर, तिसऱ्यात सगळ्या शिक्षकांना बोलावून पहिला तास फक्त त्यांच्या अडचणी लिहून घेतल्या असत्या, फळ्यावर, त्यांच्यासमोर, आणि दुसऱ्या तासात फोनवरचं ते वाक्य. सह्यांची पॉलिसी चौथ्या आठवड्यात, तीही दोन पानांची, मराठीत, आणि पहिल्या पानावर संस्था शिक्षकाला काय देणार ते, दुसऱ्या पानावर शिक्षकाने काय करायचं. त्या नाशिकरोडच्या सरांना बोलवायचं असेल तर सांगा, ते आता आमच्याकडे नवीन शिक्षकांना एक्सेलचं सेशन घेतात, हाइड केलेला कॉलम समोर उघडून दाखवतात आणि त्या रात्रीचं सगळं स्वतः सांगतात.